पिसाला गेलेला ओळंबा

“वाकडा. वहिनी, साफ वाकडा आहे. डावीकडून उचला. अहो डावीकडून, तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडून.”

आमच्या दुबईतल्या अल मनखूलच्या हॉलमध्ये माझे दीर रघुनाथभावोजी एक पाय सोफ्यावर आणि दुसरा टीपॉयवर ठेवून ओरडत होते. चिपळूणजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत भावोजींनी अख्खी हयात ड्रिल घेतलं, त्यामुळे ते साधं ‘चहा द्या’ म्हणाले तरी पार पलीकडच्या किनाऱ्यावर खोर फक्कानच्या बंदरातल्या बोटी सावधान होऊन उभ्या राहतात. मी स्टुलावर चढून दत्ताचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा फोटो दोन्ही हातांनी धरला होता. त्याला जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. संध्याकाळी लोक भेटायला यायचे होते, आणि मोगऱ्याचा हार माझ्या दंडावर लोंबत होता.

“भावोजी, फ्रेम सरळ आहे.”

“मग दादा वाकडा का दिसतो?”

“दादा वाकडाच आहे त्यात.”

एवढं म्हटलं आणि इतके दिवस त्यांच्या घशात अडकलेलं सगळं बाहेर पडलं. “हवापालटाला माणसं माथेरानला जातात. पाचगणीला जातात. तुम्ही हृदयाच्या पेशंटला उचलून इटलीला नेलंत. कशाला, तर एक पडका मनोरा बघायला. नेला नसतात तर आज दादा या सोफ्यावर बसलेला असता.” त्या सोफ्यावर त्या क्षणी त्यांचाच पाय होता, पण तो मुद्दा मी काढला नाही. “हा फोटो काढा आणि आयडी कार्डावरचा चांगला सरळ फोटो लावा. आणि तेरा दिवस झालेत, आता इथलं आवरून माझ्याबरोबर गावी चला. इथे एकटीने राहून आणखी काय काय सुचेल तुम्हाला, देव जाणे.”

झालं एकदाचं बोलून. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. पुण्याच्या आत्या, डोंबिवलीचे मामा, सगळे व्हिडिओ कॉलवर डोळे पुसता पुसता हळूच विचारत, “पण त्याला झेपणार होतं का गं ते?” मी तेव्हा कुणाला उत्तर दिलं नाही. आता देते, आणि पेपरच्या पुरवणीत देते, म्हणजे एकेकाला फोन करायला नको. हो, मी नेलं. माझ्याविषयी आधीच सांगून ठेवते, की मी कराम्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसत होते आणि ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय की त्यांची रांग लावली तर ती ओमानात शिरेल. थापा मारायचा मला सराव आहे. तेव्हा मी जे सांगेन त्यातला चौथा हिस्सा खुशाल कापून टाका. फक्त एक गोष्ट कापायची नाही. दत्ता पिसाला गेला, कारण त्याला जायचं होतं. आणि मी नेलं, कारण मला त्याला न्यायचं होतं.

दत्ता दुबईपासून लांब, मुसफ्फाच्या एका यार्डात लोखंडी सांगाडे उभे करणाऱ्यांचा फोरमन होता. मोठमोठे खांब क्रेनने उचलून उभे करायचे आणि ते सरळ आहेत की नाही ते बघायचं. त्यासाठी यार्डात लेझरची यंत्रं होती, पाण्याच्या बुडबुड्याच्या पट्ट्या होत्या, पण दत्ताच्या खिशात कायम असायचा तो त्याच्या वडिलांचा, आबांचा ओळंबा. आबा गवंडी. जांभ्याचे चिरे रचून त्यांनी आमच्या पंचक्रोशीतली निम्मी घरं बांधली. (इथे चौथा हिस्सा कापा.) पितळेचा, आवळ्याएवढा गोळा, खाली टोक, वर दोरी. दोरी धरून सोडला की तो दोनदा डुलतो आणि मग गप्प होतो, आणि जे काय खरं आहे ते दाखवतो. गल्फला निघताना दत्ताने घरातून एवढी एकच वस्तू मागून घेतली होती. भावोजींनाही ती हवी होती, हे मला पुढे कळलं. पण मोठा भाऊ परदेशी चाललेला, आणि तो काही दागिना मागत नव्हता… कोण काय बोलणार.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा आमचा संसार आठवड्यातून एक दिवसाचा होता. दत्ता कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने दुबईला घरी यायचा. बाकीच्या बायकांचे नवरे आले की आधी जेवायला काय आहे ते विचारत. माझा नवरा आधी भिंतीकडे बघायचा. कॅलेंडर, घड्याळ, गणपतीची तसबीर, एकेकाला बोटाने खालून टिचकी, मागे होऊन एक डोळा मिटून बघणं, पुन्हा टिचकी. मग मी. मी म्हणायचे, “मलाही एकदा टिचकी मारून बघ, सरळ आहे का.” तो म्हणायचा, “तुझ्यात फाउंडेशनचाच प्रॉब्लेम आहे मंगल, वरून काही होणार नाही.” हळूहळू त्याची ख्याती बिल्डिंगभर झाली. शेजारची फिलोमिना, मूळची वसईची, हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. तिच्याकडे नवा क्रूस लावायचा होता तेव्हा तिने फादरच्या आधी दत्ताला बोलावलं. जगातली सगळ्यात उंच इमारत इथे उभी राहत होती तेव्हा दत्ता शेख झायेद रोडवर गाडीच्या काचेतून अंगठा पुढे धरून दर गुरुवारी तिची तपासणी करायचा. ती पूर्ण झाल्यावर त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “पास.” मगच उद्घाटन झालं, असं मी आजवर सांगत आले आहे आणि पुढेही सांगणार आहे.

आणि ज्याला तो पास करत नसे, त्याची धडगत नव्हती. खांब जराही कलला असेल तर यार्डातल्या पोरांवर दत्ता एकच वाक्य फेकायचा, “ये क्या पिसा का टॉवर बनाया है?” बिहारची, पेशावरची, ढाक्याची, सगळी पोरं ही शिवी ओळखून होती. तन्वी, आमची मुलगी, इथेच वाढलेली. ती लहानपणी वहीत तिरकी रेघ मारायची तेव्हा स्वतःच म्हणायची, “सॉरी बाबा, पिसा झालं.” आमच्या कोकणात पिसा म्हणजे वेडा. त्यामुळे आमच्या घरात या एका शब्दात वाकडेपणाही यायचा आणि वेडही, आणि कुठलं केव्हा अभिप्रेत आहे ते आवाजावरून ओळखायचं.

मग दत्ताचं हृदय कलायला लागलं. तपासण्या झाल्या, एक झडप दुरुस्त झाली, नोकरी सुटली. आम्ही दोघं तन्वीच्या व्हिसावर आलो आणि दत्ता सोफ्यावर आला. आयुष्यभर क्रेनला हाताने इशारे करणारा माणूस आता रिमोट धरून बसला. सगळे जपायला लागले. कुणी मोठ्याने बोलेना. येणारे लोक त्याच्याकडे असे बघत जसं लोक तडा गेलेल्या काचेकडे बघतात. त्याला पाणी लागलं तर चार हात पुढे व्हायचे. एक दिवस शेजारच्या कुणाकडे त्याने तसबीर वाकडी बघितली, उठून टिचकी मारायला गेला, तर घरमालकीण धावली आणि म्हणाली, “दत्ताभाई, तुम्ही बसा, त्रास नका घेऊ.” घरी आल्यावर तो बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत होता. मला ते बघवलं नाही… खरंच नाही.

त्याच आठवड्यात तो म्हणाला, “मंगल, पिसाला जाऊ.”

“कुठे?”

“ज्याच्या नावाने आयुष्यभर पोरांना शिव्या घातल्या, त्याला मी कधी बघितलंच नाही. हे बरोबर नाही. एकदा समोर जाऊन उभं राहिलं पाहिजे.”

“आणि काय करणार?”

“रिजेक्ट करायचं की माफी मागायची, ते तिथे ठरवू.”

डॉक्टरीणबाई केरळच्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, “नो क्लाइंबिंग. नो लिफ्टिंग. नो टेन्शन.” दत्ताने विचारलं, “लुकिंग?” बाई हसल्या. म्हणाल्या, “लुकिंग इज फाइन.” भावोजी, हे तुम्ही नीट वाचा. बघायला परवानगी होती. आणि आम्ही बघायलाच गेलो होतो.

गावी कळवायला दत्ताने फोन केला तो त्याची नेहमीची चालत चालत बोलायची सवय घेऊन, आणि लिफ्टमध्ये शिरता शिरता. “अरे रघू, आम्ही दोघं पिसा…” एवढं बोलून फोन तुटला. भावोजींनी घाबरून तन्वीला ऑफिसात फोन लावला. तो संवाद तन्वीने मला नंतर जसाच्या तसा सांगितला. भावोजी म्हणाले, “दादा पिसा म्हणतोय.” ती म्हणाली, “येस काका, पिसा.” “दोघंही?” “या, बोथ.” “कधीपासून?” “नेक्स्ट वीक.” गावात त्या रात्री देवाला नारळ फुटला म्हणतात. पुढे खुलासा झाला, पण भावोजींच्या मनात पहिला अर्थच पक्का बसला असावा.

ओळंबा न्यायचा हे मला दत्ताने सांगितलंच नव्हतं. दुबईच्या विमानतळावर हातातल्या बॅगेची तपासणी होताना तो पडद्यावर दिसला, टोकदार, गोळीसारखा, आणि पट्टा थांबला. तरुण अमिराती अधिकारी होता. त्याने ओळंबा दोन बोटांत धरून वर केला. “व्हॉट इज दिस?” दत्ताने दोरी त्याच्या हातात दिली आणि गोळा सोडला. “फॉर सीदा,” तो म्हणाला. आपला सरळ-सीधामधला सीधा इथल्या अरबांनी कधीच आपलासा केलाय, टॅक्सीवाल्याला सरळ जा सांगायचं तर सीदाच म्हणतात. गोळा दोनदा डुलला आणि थांबला. अधिकारीही थांबला. मग म्हणाला, “आह. शाकूल.” मागे ट्रॉल्या गोळा करणारा एक पठाण ओरडला, “साहुल है, साहिब, साहुल.” दत्ताचा चेहरा असा फुलला की जणू वरातच निघाली. ओळंब्याला इतकी नावं असतात हे त्याला ऐकायचंच होतं. अर्थात ओळंबा विमानात हाताशी ठेवू दिला नाहीच. परत काउंटरला जाऊन तो मोठ्या बॅगेत गेला, आणि विमान सुटायच्या बेतात आम्ही आत शिरलो. धावलो का? नाही. बॅटरीवाल्या गाडीत बसून गेलो, दत्ता पुढे, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखाद्या मंत्र्यासारखा. नो टेन्शन.

पिसा गाव मला फार आवडलं, कारण ते आपल्यासारखं निघालं. मधून नदी जाते, मातकट पाण्याची, आर्नो तिचं नाव, आणि दोन्ही काठांना पिवळट, गुलाबी, पोपडे आलेली घरं. कॉफीच्या दुकानातून निघताना मालक म्हणाला, “चाव.” दत्ताने मागे वळून विचारलं, “कोणाला?” दिवसभर ते लोक आम्हाला चाव, चाव म्हणत होते आणि आम्ही कुणालाही चावलो नाही. दुपारी एका भटारखान्यात मोठ्या तांब्याच्या परातीतून भट्टीत भाजलेलं पिवळंधमक काहीतरी कापून देत होते. मी चाखलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धिरडं. शुद्ध बेसनाचं धिरडं, मीठ-मिरपूड घातलेलं. “एवढ्या लांब येऊन हेच?” मी म्हटलं. दत्ता म्हणाला, “तुझं जास्त चांगलं असतं,” आणि माझा वाटाही त्याने खाल्ला. आमच्या संसारात त्याने माझ्या स्वयंपाकाची स्तुती केली ती ही पहिली आणि शेवटची, आणि तीसुद्धा तोंड भरलेलं असताना.

आणि वाटेत एका चर्चचा घंटेचा मनोरा लागला, तोही कललेला. दत्ता रस्त्यातच थांबला. “हासुद्धा.” हॉटेलवाल्या मुलीने सांगितलं होतं की गावात कललेले मनोरे आणखीही आहेत, जमीनच मऊ आहे. दत्ता माझा हात धरून म्हणाला, “म्हणजे त्याची एकट्याची चूक नाही.” कुणाची तरी तरफदारी करावी तसं म्हणाला.

मग ते हिरवं मैदान, आणि त्याच्या टोकाला तो. फोटोत बघितलेला असतो, तरी समोर आला की आपणच घसरतोय असं वाटतं. पांढराशुभ्र, जाळीदार, लग्नातल्या केकसारखा, आणि कुणीतरी धक्का दिलेला. मैदानभर माणसं एकच वेडेपणा करत होती, हवेत दोन्ही तळवे धरून मनोऱ्याला आधार दिल्याचे फोटो. शेकडो माणसं, सगळ्यांचे हात हवेत. दत्ता म्हणाला, “एवढी लेबर लावूनसुद्धा सरळ होत नाहीये.” मग त्याने ओळंबा काढला, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि दोरीच्या कडेने मनोरा बघायला लागला. तो असा उभा राहिल्यावर आधी एक कोरियन जोडपं थांबलं. मग ब्राझीलची बस. मग बहुतेक सगळा युरोप. लोक येऊन त्याच्या हातातल्या दोरीच्या कडेने बघत होते, रांगेने, आणि ज्याला दिसेल तो ‘ओ’ करत होता. तेवढ्यात शिट्टी वाजवत पहारेकरी आला. आम्ही गवतावर होतो आणि त्या तुकड्यावर यायची बंदी होती. दत्ताने त्याला यार्डातल्या भाषेत सांगितलं, “मुदीर, फाइव्ह मिनिट. दिस माफी सीदा.” इथल्या अरबीत मुदीर म्हणजे साहेब आणि माफी म्हणजे ‘नाही’; त्या बिचाऱ्याला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. पण तो वाकला, दोरीच्या कडेने बघितलं, खांदे उडवले, आणि शिट्टी खिशात घालून उभा राहिला.

बाकीचे गेल्यावरही दत्ता बघतच होता. मग त्याने मला जवळ ओढलं. “हे बघ. खाली जास्त कललाय, वर कमी. दिसतंय? वरचे मजले त्यांनी परत मागे ओढलेत.” मी बघितलं. खरंच, मनोरा केळ्यासारखा किंचित वाकलेला होता. “म्हणजे त्यांना मधेच कळलं होतं. पाया बसतोय, काम वाकडं चाललंय, सगळं कळलं होतं…” त्याने दोरी खाली घेतली. “तरी त्यांनी वर बांधलं, मंगल. चार दगड रचून घरी नाही गेले.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली ते दुरुस्त केलेलं हृदय चालू होतं, यार्डातल्या जुन्या जनरेटरसारखं, खरखर करत पण चालू. मी विचारलं, “मग? रिजेक्ट की माफी?” तो म्हणाला, “पास. लिहून घे.”

वर चढायला त्याला परवानगी नव्हती आणि त्याने हट्टही केला नाही. तिकीट त्याने एकच काढलं, माझ्या नावाचं. “तू चढ आणि मला सांग.” माझे गुडघे म्हणजे जुन्या बिजागऱ्या, पण मी चढले. आतल्या पायऱ्या संगमरवराच्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि गोल गोल जाताना मनोरा तुम्हाला एकदा या भिंतीवर ढकलतो, एकदा त्या. दारूच्या थेंबाशिवाय झिंगायचं असेल तर पिसाला जा. माथ्यावर पोचले तेव्हा माझ्या छातीचा भाता असा चालला होता की खालच्या घंटा वाजतील. कठड्याशी गेले. खाली हिरव्या मैदानात पांढऱ्या टोपीचा एक ठिपका. आणि त्या ठिपक्याने यार्डातला आवाज काढला, दीड वर्षात घरात कुणी ऐकला नव्हता तो.

“मंगल. सरळ वाटतं का वरून?”

मी हातांचा कर्णा केला आणि दवाखान्यात पेशंटचं नाव पुकारायचे तशी ओरडले, “मनोरा एकदम सरळ आहे. तूच वाकडा उभा आहेस.”

दत्ता हसला. एवढ्या उंचावरून मला त्याचं हसू ऐकू आलं. याच्यातला चौथा हिस्सा कापू नका, ऐकू आलं. सगळ्या मैदानाने हात खाली करून त्याच्याकडे बघितलं.

खाली उतरले तर तो ओळंबा हातात लोंबता धरून तयार उभा. “तू वरून बघितलंस तसा फोटो काढ. टॉवर सरळ पाहिजे. मी गेलो तेल लावत.” मी फोन तिरका करत गेले, मनोरा पडद्याच्या कडेला समांतर येईपर्यंत. मग फोटोत मनोरा खांबासारखा ताठ झाला, आणि मागचं चर्च, मैदान, माणसं आणि दत्ता सगळे एका अंगाला कलले. तो फोटो.

घरी परतलो. आठवडे गेले, चांगले गेले. तो शेजारीपाजारी पुन्हा बिनधास्त टिचक्या मारत हिंडू लागला आणि घरमालकिणी गप्प बसू लागल्या, कारण पिसावरून आलेल्या माणसाला कोण काय बोलणार. आणि एका सकाळी सोफ्यावर बसून चहा झाला, कप त्याने बशीत नीट ठेवला, कपाचा कान उजवीकडे करून, आणि मी आतून विचारलं, “बिस्किट हवंय का?” उत्तर आलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं, जरा चिडून… डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे कुठेही झालं असतं, केव्हाही झालं असतं. मी त्यांना म्हटलं, “मला माहीत आहे.” ते त्या कदाचित माझ्या समाधानासाठी म्हणाल्या असतील. पण मला समाधान नकोच होतं. सोफ्यावर जपून ठेवला असता तर दत्ता आणखी दोन वर्षं जगला असता असं कुणी मला स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, तरी मी त्याला पिसालाच नेईन. आणि या वेळी दोन पराती धिरडं खायला घालीन.

मीना बाजारातल्या स्टुडिओत मी तोच फोटो मोठा करायला दिला. तिथल्या मुलाने दुसऱ्या दिवशी प्रिंट हातात ठेवत मोठ्या कौतुकाने सांगितलं, “मॅडम, अंकल टेढा था. सीधा कर दिया.” बघते तर दत्ता ताठ आणि मनोरा जगभर असतो तसा कललेला. मी म्हटलं, “वापस टेढा करो.” त्याने माझ्याकडे, मग तन्वीकडे बघितलं. तन्वी म्हणाली, “प्लीज जस्ट डू इट. शी’ज ग्रीव्हिंग.” मी म्हटलं, “ग्रीव्हिंग गेलं खड्ड्यात, मला माझा फोटो पाहिजे.”

तर तो फोटो हा. मी स्टुलावर आणि भावोजी माझ्या दुष्कृत्यांचा पाढा संपवून धापा टाकत उभे. मी फ्रेम खिळ्यावर सोडली, खाली उतरले, शोकेसमधून ओळंबा काढला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, “तुम्ही गवंड्याचा मुलगा. ओरडू नका, तपासा. फ्रेम वाकडी निघाली तर फोटो उतरवते, आणि तुमच्याबरोबर गावालाही येते.”

भावोजींनी दोरी बोटावर घेतली. कित्येक वर्षांनी घेतली असेल, पण हात विसरला नव्हता. गोळा दोनदा डुलला आणि थांबला. त्यांनी तो फ्रेमच्या कडेला धरला. केसाचाही फरक नव्हता. मग दोरी सरकवत फोटोतल्या मनोऱ्यावर आणली. मनोरा दोरीला चिकटून उभा. मग दत्तावर आणली, आणि ते थबकले. फोटोत दत्ताच्या हातातही ओळंबा होता, हाच, आणि त्याची दोरी तिरकी लोंबत होती.

“ओळंबा वाकडा कसा लोंबेल?” ते म्हणाले. ओरडले नाहीत.

“मम्मा टिल्टेड द फोन, काका,” दारातून तन्वी म्हणाली.

भावोजी फोटोच्या अगदी जवळ गेले. एक बोट त्यांनी फोटोतल्या तिरक्या दोरीवरून फिरवलं आणि मग तेच बोट दत्ताच्या टाचेपासून टोपीपर्यंत. दोन्ही रेघा बरोबरीने चालल्या होत्या. ते पुन्हा एकदा बोट फिरवून बघत होते. “आबांचाच आहे हा,” ते म्हणाले. मग विचारलं, “दम नव्हता लागला त्याला?”

“त्याला नाही. मला लागला होता.”

“आणि हसतोय कशाला एवढा?”

“मी त्याला वरून म्हटलं होतं, तूच वाकडा उभा आहेस.”

भावोजींनी ओळंब्याला दोरी गुंडाळली, आबा गुंडाळत असतील तशी, पण तो शोकेसमध्ये ठेवला नाही. मूठ मिटून सोफ्यावर बसले. हार मीच घातला. माझं गावी जायचं तिकीट त्यांनी काढलं नाही, आणि विषयही पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी सगळ्यात आधी फिलोमिना आली, हातात झाकलेलं जेवण घेऊन. तिने ते टेबलावर ठेवलं, फोटोसमोर हात जोडले, मग मान एका बाजूला कलती करून बघत राहिली. “मंगलबाय,” ती हळूच म्हणाली, “फोटो जरा वाकडा लागलाय काय गो?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सोफ्यावरून, चहाच्या कपातून तोंड वर न काढता, भावोजी म्हणाले, “नाही. पिसा आहे.”